मुलुखमैदान तोफ आणि तिच्यावरची तीन नावे

एखादा वक्ता सभेत तासभर गरजला की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र त्याला ‘मुलुखमैदान तोफ’ म्हणते. निवडणुकीच्या दिवसांत हा शब्द इतक्या वेळा कानावर येतो की त्यामागे एक खरीखुरी तोफ आहे, याचाच विसर पडतो. ती तोफ आजही आहे. विजापूरच्या शेरजा बुरुजावर, उघड्या आभाळाखाली, ऊन-पाऊस झेलत ती पडून आहे. आणि वाचकहो, ती मुळात विजापूरची नाही. पावणेपाचशे वर्षांपूर्वी, इ.स. १५४९ च्या सुमारास, ती ओतली गेली आपल्या नगरात.

दौंड–नगर रेल्वेमार्गावरच्या आमच्या काष्टीतल्या मुलांना ही गोष्ट ठाऊक नव्हती. नगर म्हटले की मुलांना दवाखाना आठवतो, कापडबाजार आठवतो, फार तर चांदबीबीचा महाल आठवतो. नगरात ‘तोफखाना’ नावाची वस्ती आहे, त्या नावाचे पोलीस ठाणेही आहे. पण तोफखाना हे नाव का पडले असेल, असा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. रोजच्या नावांचे असेच होते, ती कानांवरून वाहून जातात. म्हणून या महिन्यात या एका तोफेविषयी लिहावे असे आम्ही ठरवले.

नाव कोठून आले?

वर्गात आम्ही ‘मुलुखमैदान’ हा शब्द फळ्यावर लिहिला आणि अर्थ विचारला. एका मुलीने लगेच सांगितले, “मुलूख म्हणजे प्रदेश. साऱ्या मुलुखात जिचा आवाज ऐकू जातो ती तोफ.” उत्तर हुशारीचे होते, पण तोफेचे मूळ नाव वेगळे आहे. ते आहे ‘मालिक-ए-मैदान’, म्हणजे रणमैदानाचा मालक. मराठी माणसाच्या तोंडी ‘मालिक’चा ‘मुलूख’ झाला. गंमत अशी की मालिक, मलिक (राजा) आणि मुल्क हे तिन्ही शब्द मीम, लाम, काफ या एकाच अरबी धातूपासून निघालेले सख्खे भाऊ आहेत. म्हणजे चूकही झाली ती घरातल्या घरातच!

खुद्द ‘तोफ’ हा शब्द तुर्की ‘तोप’वरून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. इस्तंबूल शहरात आजही ‘तोपहाने’ नावाचा भाग आहे, जसा नगरात तोफखाना. ‘गोलंदाज’ फारसीतला. ‘दारूगोळा’तली दारू म्हणजे बंदुकीची दारू, आणि मूळ फारसीत ‘दारू’ म्हणजे औषध. ‘गोलंदाज’ हे तर आपल्या कितीतरी कुटुंबांचे आडनाव आहे. लढाईचा हा सारा शब्दसाठा तुर्कस्तान, इराण आणि दख्खन यांच्या जाण्या-येण्यातून मराठीत उतरला आणि आता इतका मराठी झाला आहे की शिवकालावरची एकही कादंबरी त्याच्यावाचून लिहिता येणार नाही.

काशाची थाळी आणि तोफ

आता तोफेकडे वळू. लांबी चौदा फुटांहून थोडी जास्त. बाहेरून व्यास सुमारे पाच फूट. तोंडाचे भोक दोन फूट चार इंच. एखादे लहान मूल आत वाकून आरामात बसेल. वजन साधारण ५५ टन सांगितले जाते. तोंडाला एका हिंस्र श्वापदाचा जबडा कोरलेला आहे. कुणी त्याला सिंह म्हणतो, कुणी मगर. त्याच्या दातांत एक हत्ती चिरडला जात आहे. समोरून पाहणाऱ्या शत्रूच्या पोटात गोळा यावा, हाच त्यामागचा हेतू.

पण आम्हांला त्या जबड्यापेक्षा धातूचे नवल अधिक वाटते. पुष्कळ लोक तिला ‘पंचधातूची तोफ’ म्हणतात. धातूची तपासणी झाली तेव्हा ती सुमारे ८० भाग तांबे आणि २० भाग कथील अशी भरली. म्हणजे सरळ भाषेत कांसे. आपल्या घरातली जुनी काशाची थाळी, तळपायाला तूप चोळायची काशाची वाटी, देवळातली घंटा, शाळेतला टोल, ही सगळी याच कुळातली. म्हणूनच या तोफेवर थाप मारली तर ती घंटेसारखी वाजते.

तांबे आणि कथील आपल्या घरांना परके नाही. लग्नाच्या दावतीला बिर्याणीची जी मोठी देग लागते ती तांब्याची असते आणि तिला आतून कथलाची कल्हई केलेली असते. भाता, कोळसा, नवसागर आणि कापसाचा बोळा घेऊन दारोदार फिरणारा कल्हईवाला आमच्या पिढीने लहानपणी पाहिला आहे. भांडे तापवून, कथलाची कांडी टेकवून, एका हातात तो सबंध पातेले चंदेरी करून टाकी. देगेला जे कथील चमचाभर पुरते ते या तोफेला किती लागले असेल? ५५ टनांचा पाचवा हिस्सा, म्हणजे अकरा टन! दख्खनच्या जमिनीत कथील सापडत नाही. ते समुद्रापलीकडून, मलायाच्या बाजूने, जहाजांतून येत असे. निजामशाहीकडे कोकणात चौलचे बंदर होते. एका तोफेसाठी व्यापारी, खलाशी, बैलांचे तांडे आणि घाटवाटा अशी सगळी साखळी हलली असणार.

सर्वसाधारण तोफांच्या धातूत कथील दहाव्या हिश्शाच्या आसपास ठेवत. कथील वाढवले की धातू कठीण होतो, आवाज गोड होतो, पण तो ठिसूळही होतो. काशाची थाळी दगडावर आपटली तर तडकते, तांब्याची नुसती चेपते, हे आपल्या दादी-नानींना कुणी पुस्तकातून शिकवले नव्हते. एवढे कथील असूनही ही तोफ फुटली नाही. याचे एक कारण तिची जाडी. भोकाभोवती धातूची भिंत सव्वा फुटाहून जाड आहे.

अशी मोठी तोफ ओतायची रीत ऐकण्यासारखी आहे. माती, शेण आणि तूस मळून साचा करायचा. मधली पोकळी राहावी म्हणून आत मातीचाच गाभा उभा करायचा. मग साचा आणि गाभा दोन्ही विस्तवावर हाडासारखे सुकवायचे. कुठे ओल राहिली तर उकळता धातू पडताच पाण्याची वाफ होऊन साचा फुटणार आणि भोवतालची माणसे होरपळणार. सुकलेला साचा जमिनीतल्या खड्ड्यात गाडून घट्ट माती ठोकायची. पंचावन्न टन धातू एका भट्टीत मावत नाही, म्हणून अनेक भट्ट्या एकाच वेळी पेटवायच्या आणि सगळ्यांचे पाट साच्याच्या तोंडाशी आणायचे. धातू न थांबता, एका दमात ओतला गेला पाहिजे. मध्ये खंड पडला तर पहिला थर निवतो, दुसरा त्याला नीट चिकटत नाही, आणि त्याच सांध्यातून तोफ पुढे फुटते. तेव्हा तापमान मोजायचे यंत्र नव्हते. रसाचा रंग पाहून, ज्वाळेचा रंग पाहून उस्तादाने ‘आता’ म्हणायचे. त्या एका शब्दावर महिन्यांची मेहनत आणि राज्याचा खजिना टांगलेला.

चारशे बैलांचे ओझे

नगरहून ही तोफ परांड्याच्या किल्ल्यात गेली. इ.स. १६०० मध्ये मुघलांनी नगरचा किल्ला घेतल्यावर निजामशाहीची गादी काही काळ परांड्यातच होती. तिथून १६३२ मध्ये आदिलशाहीचा सरदार मुरार जगदेव याने ती विजापूरला नेली. हा मुरारपंत मराठी वाचकांना अनोळखी नाही. १६३० मध्ये पुणे बेचिराख केले ते त्याने. भीमा–इंद्रायणीच्या संगमावर नावेत हत्ती उभा करून, पाण्याची खूण धरून, तेवढ्याच भाराचे दगड भरून हत्तीचे वजन काढले ही तुळापूरची कथाही त्याच्याच नावाशी जोडलेली.

परांड्याहून विजापूर सरळ रेषेत धरले तरी दीडशे किलोमीटरहून दूर, मध्ये भीमेचे पात्र. तोफ हलवायला दहा हत्ती, चारशे बैल आणि शेकडो माणसे लागली असे सांगतात. शहरातल्या वाचकाला हे आकडे नुसते आकडे वाटतील. आमच्या काष्टीत दर शनिवारी जनावरांचा मोठा बाजार भरतो. चारशे बैल म्हणजे दोनशे जोड्या. त्या एका दोरावर, एका चालीने ओढायला लावायच्या म्हणजे काय, हे इथल्या शाळकरी पोरालाही कळते. एका जोडीने मान टाकली की मागची अडते. चढावर थांबले की चाक मागे येते. इतक्या जनावरांना रोजचा कडबा आणि पाणी वाटेवरच्या कोणत्या गावांनी पुरवले असेल? बखरीत बादशहाचे नाव येते, सरदाराचे येते. कडबा देणाऱ्या कुणब्याचे येत नाही.

तोफेवरचे तीन लेख

आता मुख्य गोष्ट. या तोफेच्या अंगावर तीन लेख कोरलेले आहेत.

पहिला लेख राजाचा. अबुल गाझी निजामशाह, रसूलल्लाह (स.) यांच्या घराण्याचा आणि अल्लाहच्या घराचा सेवक, असा त्याचा आशय आहे आणि हिजरी सन ९५६ दिला आहे. हा पहिला बुऱ्हाण निजामशाह. नगर शहर वसवणाऱ्या अहमद निजामशाहचा हा मुलगा. स्वतःला बादशहा न म्हणवता ‘सेवक’ म्हणवणे ही त्या काळच्या शाही शिक्क्यांची आणि लेखांची रीतच होती.

हिजरी सनाचे इसवी सन कसे काढायचे, हे मुलांना शिकवून ठेवा. चंद्राचे वर्ष सूर्याच्या वर्षापेक्षा लहान, म्हणून दर ३३ वर्षांत एक वर्षाचा फरक पडतो. ९५६ ला ३३ ने भागा, येतात २९. ते ९५६ मधून वजा करा, उरले ९२७. त्यात ६२२ मिळवा. उत्तर १५४९. जुन्या मशिदीच्या दारावर, दर्ग्याच्या कमानीवर, खानदानी सनदेवर सन दिसला की मुलांनी वहीत हे गणित मांडावे. एखाद-दुसऱ्या वर्षाचा फरक सोडला तर ते बरोबर येते.

दुसरा लेख सर्वांत छोटा. तोफ बनवणाऱ्याचा. महंमद बिन हसन रूमी. रूम म्हणजे त्या काळी तुर्कांच्या ताब्यातला अनातोलियाचा प्रदेश. मौलाना रूमींच्या नावातला रूम तोच. सोळाव्या शतकात तुर्की तोफा जगात नावाजलेल्या होत्या. १५२६ मध्ये पानिपतावर बाबराच्या तोफा उस्ताद अली कुलीने चालवल्या, पुढे गुजरातेत आणि दख्खनमध्येही असे रूमी उस्ताद येऊन राहिले. महंमद बिन हसन त्यांच्यापैकीच एक.

तिसरा लेख विजेत्याचा. औरंगजेब आलमगीरने सप्टेंबर १६८६ मध्ये विजापूर घेतले, आदिलशाही संपवली आणि तोफेवर आपला लेख कोरवला. त्यात सन आकड्यांत सांगण्याऐवजी शब्दांत गुंफण्याची जुनी कला वापरली आहे. आपल्या घराघरांत ७८६ हा आकडा माहीत असतो. बिस्मिल्लाहच्या अक्षरांची अब्जद किंमत मिळवली की ७८६ येतात. तीच पद्धत इथे आहे. ‘मैदानाच्या मालकाला जिंकून घेतले’ अशा अर्थाचे फारसी शब्द लेखात आहेत. आता किंमत काढू. मालिक: मीम ४०, अलिफ १, लाम ३०, काफ २०, बेरीज ९१. मैदान: मीम ४०, ये १०, दाल ४, अलिफ १, नून ५०, बेरीज १०५. पुढे ‘ला’ या अर्थाच्या शब्दाचे २०१ आणि ‘घेतले’ या अर्थाच्या क्रियापदाचे ७००. सगळे मिळून १०९७. आणि हिजरी १०९७ म्हणजे, वरच्याच गणिताने, १०९७ वजा ३३ अधिक ६२२, बरोबर १६८६!

यातून आणखी एक निकाल लागतो. हे नाव अलिफशिवाय ‘मलिक’ लिहिले असते तर बेरीज १०९६ आली असती, एकाने कमी. म्हणजे तोफेचे नाव मालिकच, अलिफसह. एक अलिफ इकडचा तिकडे झाला तर इतिहासाचे वर्ष बदलते, हे मुलांना सांगितले की शुद्धलेखनाकडे दुर्लक्ष करणारेही जरा सावरून बसतात.

मैदानाच्या मालकाचे मालक

नाव मालिक-ए-मैदान, पण नशीब पाहा. नगरच्या निजामशहाने ती ओतवली. त्याच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी, १५६५ मध्ये, तालिकोटची लढाई झाली. निजामशाही तोफखान्याचा प्रमुख तेव्हा रूमी खान हा सरदार होता. विजयनगरची फौज अगदी जवळ आली तेव्हा त्याने तोफांत तांब्याच्या पैशांच्या पिशव्या भरून डागल्या, असे फरिश्ता या इतिहासकाराने लिहिले आहे. मुलुखमैदानही त्या लढाईत होती अशी कथा सांगतात. लढाई जिंकली, पण १६३६ मध्ये निजामशाहीच नकाशावरून पुसली गेली. तोफ आदिलशाहीकडे आली. तिने आदिलशाही वाचवली नाही. मुघलांकडे गेली, तिच्यावर नाव कोरवणारा बादशहा आयुष्याची शेवटची पंचवीस-सव्वीस वर्षे दख्खनच्या मोहिमांतच घालवून १७०७ मध्ये वारला. वारला तोही कुठे? जिथे ही तोफ ओतली गेली त्याच नगरजवळ, भिंगारला. खुलदाबादला त्याची साधी, उघडी कबर आहे.

पुढे विजापूर हैदराबादच्या निजामाकडे, मग १७६० मध्ये पेशव्यांकडे, १८१८ नंतर साताऱ्याच्या छत्रपतींकडे आणि १८४८ मध्ये साताऱ्याचे राज्य खालसा झाल्यावर इंग्रजांकडे गेले. १८५४ मध्ये सरकारला वाटले, ही निरुपयोगी तोफ भंगारात विकावी. लिलाव झाला. मैदानाच्या मालकाला सर्वांत मोठी बोली आली ती दीडशे रुपयांची! हिशेब करा, टनाला तीन रुपयेही नाहीत. किंमत फारच कमी, आणि आसपासच्या लोकांच्या मनात या तोफेविषयी आदर, हे एका अधिकाऱ्याच्या लक्षात आले आणि विक्री रद्द झाली. नाहीतर मुलुखमैदान वितळून तिच्या घंटा, थाळ्या, लोटे झाले असते. तसे झाले असते तर वाईट झाले असते का, असा प्रश्न एका विद्यार्थिनीने विचारला. आम्हांला तो प्रश्न आवडला. थाळी पोटाला अन्न देते, हे खरेच. पण मग तिच्यावरची तीन नावेही वितळली असती आणि आज हा लेख लिहिता आला नसता.

मग मुलाने काय सांगावे?

हा धडा शिकवून झाल्यावर एका पालक भगिनीने आम्हांला गाठले. त्या म्हणाल्या, “माझ्या पोराला खेळताना कुणीतरी म्हणाले, ती तुमच्या बादशहाची तोफ. पोरगा गप्प बसला. घरी येऊन मला विचारतो, अम्मी, आपण त्या तोफेचा अभिमान धरायचा की लाज? मी त्याला काय सांगू?”

हा प्रश्न त्या एका घरातला नाही. आपल्या पुष्कळ घरांत मुले तो मनात घेऊन फिरतात आणि आईबाप विषय बदलतात. विषय बदलू नये असे आम्हांला वाटते. मूल घरात उत्तर मिळाले नाही तर बाहेर शोधते, आणि बाहेर मिळणारे उत्तर बहुधा ओरडून दिलेले असते.

आम्ही त्या माउलीला म्हणालो, मुलाला आधी तोफेचा प्रवास सांगा. तुर्कस्तानातून आलेल्या मुसलमान उस्तादाने ती नगरात ओतली. ज्या निजामशहासाठी ओतली, त्याच्या आजोबांचा, मलिक हसनचा, जन्म ब्राह्मण घरातला आणि घराण्याचे मूळ गाव पाथरी, असे फरिश्ताच सांगतो. ती विजापूरला ओढून नेली आदिलशहाच्या ब्राह्मण सरदाराने. निजामशाही आणि आदिलशाही दोन्ही मुसलमान राज्ये, आणि त्यांनी एकमेकांशी किती लढाया केल्या याची गणती नाही. त्यांना बुडवणारे मुघलही मुसलमानच. आदिलशाहीच्या फौजेत मराठे होते, मुघलांच्या फौजेत राजपूत होते. या तोफेच्या गोळ्याने मरणाऱ्याचा धर्म कधी विचारला नाही. तेव्हा ‘तुमची तोफ, आमची तोफ’ हा हिशेब तोफेच्या स्वतःच्या इतिहासात बसत नाही. जे भांडण तेव्हा त्या रूपात नव्हतेच, ते आजच्या दहा वर्षांच्या पोराच्या खांद्यावर कशाला?

राजांनी त्यांच्या काळात जे चांगले केले त्याचे श्रेय त्यांचे, जे जुलूम केले त्याचा जबाबही त्यांचाच. आपल्या दीनमध्येही एकाचे ओझे दुसरा उचलत नाही. आपण ना त्यांचे वारस, ना वकील. त्यांच्या खजिन्यातून आपल्याला काही आले नाही आणि त्यांच्या पापाचा सातबाराही आपल्या नावावर नाही.

मग अभिमान कशाचा धरायचा? तोफेवर तीन नावे आहेत ना? पहिले नाव ज्याने पैसा दिला त्याचे, तिसरे ज्याने ती जिंकली त्याचे. दोघांची राज्ये गेली. मधले नाव ज्याने ती बनवली त्याचे. त्याचे काम अजून उभे आहे. पावणेपाचशे पावसाळे खाऊनही त्याच्या ओतकामाचा आवाज घंटेसारखा येतो. ज्वाळेच्या रंगावरून धातू ओळखणारे ते डोळे, माती आणि विस्तव यांचे ते ज्ञान, ते हुनर, याचा अभिमान धरता येतो. आणि तो धरायला कोणत्याही एका जमातीचे असावे लागत नाही. भट्टीला भाता मारणारे, माती मळणारे, साचा ठोकणारे हात इथलेच, याच मातीतले असणार.

एक शंका उरते. हे हुनर शेवटी माणसे मारण्यासाठीच ना? होय. ती गोष्ट मुलांपासून लपवू नये. त्या जबड्यातला हत्ती दाखवताना ‘किती छान कोरलंय’ म्हणून पुढे जाऊ नये. तालिकोटच्या मैदानावर तांब्याच्या पैशांनी ज्यांची शरीरे फाटली तीही कुणाची तरी मुले होती, हेही सांगावे. कारागिराच्या हाताचे कौतुक आणि त्या वस्तूच्या उपयोगाचे दुःख, दोन्ही एका मनात ठेवता येतात. मुलांना हे कळते, मोठ्यांना वाटते त्यापेक्षा लवकर कळते.

नगरातच आणखी एक मैदान

विजापूरला जाणे प्रत्येक कुटुंबाला जमेलच असे नाही. नगरला मात्र एका दिवसात जाऊन येता येते. ज्या शहरात मुलुखमैदान ओतली गेली त्याच शहरात आज चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे आणि १९९४ पासून लष्कराचे रणगाडा संग्रहालय आहे. पहिल्या-दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली चिलखती वाहने, जर्मनांची ८८ मिलिमीटरची प्रसिद्ध तोफ, आपल्याकडे बनलेला विजयंता रणगाडा आणि १९६५ च्या युद्धातला पॅटन तिथे पाहायला मिळतो. मुलांना पॅटनजवळ थोडा वेळ उभे करा. याच जातीच्या रणगाड्यांसमोर खेमकरणच्या शेतांत हवालदार अब्दुल हमीद जीपवर बसवलेली १०६ मिलिमीटरची तोफ घेऊन उभे राहिले. १० सप्टेंबर १९६५ रोजी ते शहीद झाले आणि त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. गाझीपूर जिल्ह्यातल्या धामूपूरच्या एका शिंप्याचा हा मुलगा. हे नाव कुणाला पुरावा म्हणून दाखवायला सांगू नका. आपल्या मुलांनी ते प्रेमाने लक्षात ठेवावे, एवढ्यासाठी सांगा.

संग्रहालयात जाताना एक वही बरोबर घ्या. प्रत्येक यंत्रापुढे मुलांनी तीन गोष्टी लिहाव्यात: हे कुणी बनवले, कुणी चालवले, आणि समोर कोण होते. नुसते फोटो काढून परत येणाऱ्यांपेक्षा ही मुले कितीतरी जास्त घेऊन येतील. आणि ज्यांना विजापूरला जायचा योग येईल, त्यांनी गोलघुमटात आवाज घुमवून झाल्यावर शेरजा बुरुजाच्या पायऱ्याही चढाव्यात. तोफेवर नावे कोरू नयेत, तिथे आधीच तीन नावे आहेत. मुलांना फारसी येत नसेल, पण कुरआन शरीफ वाचणाऱ्या मुलांना अक्षरे ओळखता येतात. त्यांना म्हणावे, बेटा, या तिघांतून महंमद बिन हसन रूमी हे नाव शोधून दाखव.